दादानं चव विचारली

दादा गेल्याचं शेजारच्या सोधींच्या फोनवर कळलं. मी लायब्ररीत जायला निघाले होते, सायकल फाटकातून बाहेर काढत होते, आणि सोधीभाभी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या आतूनच खणखणीत हाक मारतात. त्या दिवशी हाक मारली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नलिनीजी, लखनऊ से फोन है. आप आ जाओ जरा." फोनवर दादाच्या ऑफिसातले मिश्रा होते, त्याच्याबरोबर दौऱ्यावर गेलेले. पहाटे गेस्ट हाऊसमध्ये दादाच्या छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मिश्रा बोलत होते आणि मी सोधींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बर्फाच्या डोंगराकडे बघत "जी… जी…" म्हणत होते. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो असा की आईला कुठल्या शब्दांत सांगू. दुसरा विचार काय आला तो पुढे लिहीन. तो वाचून काही जणांना राग येईल, पण आला खरा.

याला आता महिना उलटून गेला. अरविंद हे त्याचं नाव. केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यात होता, पन्नाशीला टेकला होता, लग्न केलेलं नव्हतं. त्याच्याविषयी काहीतरी लिही असं इथल्या, चंदीगडच्या मराठी मंडळींनी सुचवलं, आणि काय लिहायचं तेही सांगितलं. आईची सेवा लिही, बदलीवर नव्यानं आलेल्या प्रत्येक कुटुंबाला घर मिळेपर्यंत आपल्या घरात ठेवून घ्यायचा ते लिही, गणपतीत दहा दिवस खपायचा ते लिही. हे सगळं खरंच आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो गच्चीच्या जाळीपाशी वेताच्या बुटक्या मोड्यावर बसलेला, गुडघ्यांत बिअरची बाटली धरून जपून बूच काढणारा दादा. मी तोच लिहिणार. ज्यांना हे रुचणार नाही त्यांनी पान उलटावं, माझी हरकत नाही.

सहासष्ट साली पंजाबचे तुकडे झाले, चंदीगड केंद्राकडे आलं आणि सरकारी माणसं भराभर इकडे पाठवली गेली. दादा त्यांतच आला. बावीस सेक्टरमध्ये त्याला क्वार्टर मिळालं, दोन खोल्यांचं, विटांच्या जाळीची गच्ची असलेलं. आपल्याकडे त्या वेळी प्रकृतीसाठी दारू लागते असं लिहून देऊन परमिट काढायला लागे. इथे बघतो तर भाजी घेऊन घरी निघालेली माणसं जाताजाता त्याच पिशवीत एक बाटली टाकतात आणि कुणी मान वळवून बघत नाही. याची दादाला फार गंमत वाटली. त्याला पिण्याची आवड नव्हती, हे कुणाला पटत नाही पण खरं आहे. व्हिस्कीला तो शिवत नसे, आणि बिअरचीही एका वेळी एकच बाटली, तीसुद्धा वाटून. त्याला आवड होती ती चवीतला फरक शोधण्याची. लहानपणी कराडला आमच्या आणि शेजारच्या विहिरीचं पाणी डोळे मिटून ओळखायचा, तोच हा छंद मोठा झालेला. नोकरी फिरतीची, तेव्हा जिथे जाईल तिथली एक बाटली टॉवेलात गुंडाळून आणायची. ही सोलनची, ही लखनौची, ही थेट बंगळूरची.

मी त्याच्याकडे आले ती एकोणसत्तर साली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आमचे हे तापानं गेले. सासरच्यांनी मला छळलं वगैरे नाही, नुसतं माहेरी आणून पोचवलं. कराडच्या घरात आई आणि मी, दोघी विधवा, एकमेकींकडे न बघता दिवस ढकलत होतो. मी जेवत होते, म्हणजे पानातलं संपवत होते. एकदा आई आमटीत मीठ घालायला विसरली. मी पुरी वाटीभर ती आमटी खाल्ली आणि मला काही कळलं नाही. आईला कळलं. तिनं दादाला काय लिहून पाठवलं कोण जाणे, तो रजा टाकून आला आणि आम्हा दोघींना सामानासकट उचलून इकडे घेऊन आला. प्रवासात त्यानं मला धीराचं एक अक्षर ऐकवलं नाही, याचे मी अजून उपकार मानते. धीराचे शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

पहिला उन्हाळा. इथला उन्हाळा म्हणजे संध्याकाळीसुद्धा भिंती हाताला लागू देत नाहीत. आई सोधीभाभींबरोबर मंदिरात गेली होती. दादानं बर्फाच्या बादलीतून बाटली काढली, दोन फुलपात्रं आणली, आपण खायला बसतो तशी मांडी घातली आणि एक माझ्यासमोर सरकवलं. मी म्हटलं, "दादा, तुला वेड लागलंय का?" तो म्हणाला, "पिऊ नकोस. नुसतं जिभेवर घे आणि थुंकून टाक. मला एकट्याला उमगत नाहीये. कसलातरी वास येतो, ओळखीचा आहे, पण आठवत नाही." त्याचा चेहरा खरोखर अडलेल्या माणसासारखा होता. चांगली की वाईट ते सांगायचं नाही, असं त्यानं बजावलं. कशासारखी लागते तेवढंच सांगायचं. आणि ते आपल्या खाण्यातलं, आपल्या घरातलं असलं पाहिजे.

मी घेतली. आधी फक्त कडू. मग कडूच्या मागून काहीतरी आलं आणि मी किती तरी महिन्यांनी डोकं चालवलं. म्हटलं, "मटकीला मोड आणायला फडक्यात बांधतो ना… सकाळी ते फडकं सोडताना वास येतो. तसं आहे." दादानं फुलपात्र खाली ठेवलं आणि मांडीवर थाप मारून हसायला लागला. बिअर करतात ती सातूला मोड आणूनच करतात, मोड आले की ते वाळवतात, भाजतात, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं. "बरोबर मोडच सापडले तुला," तो म्हणाला. मी हसायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. मटकीचं फडकं म्हटल्याबरोबर मला माझं सासरचं स्वयंपाकघर दिसलं होतं. यांना मोडाची उसळ फार आवडायची, रविवारी सकाळी ते स्वतः फडकं सोडून बघायचे, मोड किती आलेत ते. ते गेल्यापासून त्यांच्याविषयी मी कुणापाशी बोलले नव्हते, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी बोलले. दादा ऐकत राहिला. मधे फक्त एकदा म्हणाला, "उसळीत गूळ घालायचीस का गं?" रात्री जेवताना मी आईला म्हटलं, भाजीत मीठ जरा जास्त पडलंय. आईचा हात वाढता वाढता थांबला, ते मी पाहिलं.

आईपासून लपवणं शक्यच नव्हतं, दोन खोल्यांत काय लपणार. तेव्हा दादानं तिच्यासाठी एक विधी काढला. तो मुळात सोधींचा. इथली सगळी माणसं मानत की बिअर टिकावी म्हणून तिच्यात ग्लिसरीन घालतात, डोकं दुखतं ते त्यानं. मग करायचं काय, तर पाण्यानं भरलेल्या ग्लासात उघडी बाटली उलटी धरायची. बाटलीतून पाण्यात तेलासारखी वळवळती रेघ उतरत जाते. ते ग्लिसरीन. ते उतरलं की बिअर शुद्ध. दादानं आईला मुद्दाम समोर बसवलं आणि हा प्रकार दाखवला. "बघ आई, जे काही वाईट ते सगळं खाली चाललंय. उरलं ते सातूचं पाणी." आई बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत होती. मग म्हणाली, "दारं लावून घ्या," आणि माळ घेऊन आत गेली. तेव्हापासून तीच तिची परवानगी. आम्ही बाटली उलटी धरायची, तिनं दारं लावायची आठवण करायची.

पुढे एकदा कालक्याहून सिमल्याच्या छोट्या गाडीनं आम्ही दोघं निघालो होतो. दादाला तिकडं तपासणीचं काम होतं आणि मला तो नेहमी काहीतरी निमित्त काढून बरोबर न्यायचा. सोलनच्या थोडं पुढे रुळाला लागूनच बिअरची जुनी भट्टी आहे. गाडी तिथे रेंगाळली आणि डब्यात भिजल्या, भाजल्या धान्याचा वास आला. दादा आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. समोर बसलेले एक वयस्क गृहस्थ भट्टीतच नोकरीला होते, त्यांनी हसण्याचं कारण विचारलं. दादाला काय, निमित्तच पाहिजे होतं. बोलता बोलता ग्लिसरीनचा विषय निघाला तर त्यांना हसू आवरेना. "अरे साहब, वो ग्लिसरीन नहीं है. बिअर पानी से भारी होती है, तो बिअर ही नीचे जाती है और पानी ऊपर चढ़ता है. आप तो अच्छी-भली बिअर में पानी मिला रहे हो." म्हणजे इतकी वर्षं आम्ही पाणी घातलेली बिअर चाखून तिच्या चवीवर वाद घालत होतो. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. दादा मात्र गाडी सुटल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "प्रवासात नाही करायचं. घरी करायचं." मी म्हटलं, "आता कळलंय तरी?" तो म्हणाला, "आईला कुठं कळलंय?" आणि करत राहिला. शेवटी आईलाच कंटाळा आला. एका संध्याकाळी तो बाटली उलटी धरून बसला होता तर ती आतून म्हणाली, "पुरे ते. गार आहे तोवर घ्या." तिथं तो विधी संपला.

प्रवासातल्या गमती लिहायच्या तर जागा पुरणार नाही. बंगळूरला एका हॉटेलात बायकामाणसांसाठी पडदे लावलेली खोकी होती. वेटरनं बाटली आणि ग्लास दादासमोर ठेवला आणि मला न विचारताच लिंबाचं सरबत आणून दिलं. दादानं शांतपणे सरबत आपल्याकडे ओढलं, ग्लास माझ्याकडे सरकवला. वेटर म्हणाला, "मॅडम के लिए?" दादा म्हणाला, "हां, ये मेरी बहन है." त्यानं भलतंच बिघडलं. बायको म्हटलं असतं तर तो बिचारा निमूट गेला असता. कलकत्त्याची बिअर मला नव्या गोणपाटासारखी लागली, दादाला जुन्या. त्यावर हावडा ते अंबाला आमचं भांडण चाललं. हैदराबादची एक होती, तिला शेवटी भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याची चव होती. ती आम्हाला पुन्हा कुठंच मिळाली नाही. दादा कुठल्याही गावाला गेला की तिथून पत्रात आधी हेच लिहायचा, बाटली मिळाली, तुझ्याशिवाय उघडत नाही. आणि कधीच उघडली नाही. त्या काळात मी ग्रंथपालाचा कोर्स केला, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत लागले, सायकल शिकले, रंगीत साड्या नेसायला लागले. यातलं एकही कर असं दादानं सुचवलं नाही. तो फक्त विचारायचा. आज लायब्ररीत काय झालं, ही साडी कुठल्या रंगाची म्हणायची, आणि ही कशासारखी लागते.

लोक बोलत होतेच. आपल्याच एका ओळखीच्या बाईंनी, नाव लिहीत नाही, माझ्यादेखत दादाला सुनावलं, विधवा बहिणीला दारू पाजतोस, वर गेल्यावर काय उत्तर देणार आहेस. दादा चिडला नाही. फार कमी चिडायचा तो. म्हणाला, "वहिनी, मी तिला पाजत नाही. मी तिला विचारतो." त्या बाईंना हे समजलं नाही. मला समजलं. त्या दोन वाक्यांतला फरक हेच माझं गेल्या बारा-तेरा वर्षांचं आयुष्य होतं… नवरा गेलेल्या बाईला सगळे सांगतात. हे खाऊ नकोस, तिथे बसू नकोस, असं समज, तसं मान. विचारत कुणी नाही. तुला काय वाटतं, तुझ्या जिभेला काय कळतं, हे तिला विचारणारा माणूस जन्मात एक भेटला तरी पुष्कळ. मला भेटला, आणि तो माझा सख्खा भाऊ होता. आता त्याच्याविना मी कशी राहणार आहे, मला ठाऊक नाही.

तो फोन ठेवल्यावर दुसरा विचार आला तो हा, की लखनौची बाटली त्यानं घेतली होती का? भाऊ गेला आणि हिला बाटली सुचते, असं कुणी म्हणेल. म्हणोत. त्याला आणला, सगळं झालं, दिवस झाले. मिश्रा त्याची बॅग घेऊन आले. मी ती एकटीनं उघडली. कपडे होते, दाढीचं सामान होतं, आईसाठी चिकनकारीचं एक पातळ होतं. आणि मधोमध टॉवेल होता, गुंडाळी सुटलेला, आत काही नसलेला. मिश्रांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. खाली मान घालून म्हणाले, "दीदी, एक बोतल थी. मैंने ही निकालकर चौकीदार को दे दी. सोचा, माताजी देखेंगी तो…" त्यांनी भल्यासाठीच केलं. मी त्यांना चहा दिला, आभार मानले. पण ते गेल्यावर तो टॉवेल छातीशी धरून मी जी रडले, तशी त्याला नेतानाही रडले नव्हते. ती त्यानं माझ्यासाठी घेतलेली शेवटची चव होती आणि ती कशी होती हे आता मला कधीच कळणार नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मला तेच पुन्हा व्हायला लागलं. पानातलं संपवायचं आणि काय खाल्लं ते आठवायचं नाही. सोधीभाभींनी खीर आणून दिली, मी गोड आहे असं म्हटलं, कारण खीर गोड असते. आपण पुन्हा कराडच्या त्या घरात जाऊन बसणार, बावीस सेक्टरमध्ये राहूनसुद्धा, या भीतीनं मी गारठून गेले. आईच्या ते ध्यानात आलं होतं, पण या वेळी तिनं लिहून कळवायचं ते कुणाला?

गेल्या शनिवारी लायब्ररीतून लवकर सुटले. घरी न वळता सायकल बाजाराकडे घेतली आणि बिअरच्या दुकानासमोर उतरले. इतकी वर्षं चाखली, पण बाटली मी कधी विकत घेतली नव्हती. ते दादाचं काम. दुकानासमोर दहाबारा पुरुष होते, मला बघून सगळ्यांचं बोलणं थांबलं. कुणी वाईट वागलं नाही, उलट बाजूला होऊन वाट दिली, आणि त्या वाटेनं चालणंच मला फार अवघड गेलं. वाटलं, परत फिरावं, म्हणजे लोकांना बाजारात आलेली बाई एवढंच दिसेल. गल्ल्यावरच्या सरदारजींनी हात जोडले. मी म्हटलं, सोलनची एक बाटली द्या. ते अवघडून म्हणाले, "बहनजी, किसके लिए चाहिए?" कदाचित त्यांना इतकंच म्हणायचं असेल की कुणाला पाठवून द्या, आपण कशाला त्रास घेतला. पण मला वाटलं, दादा गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारतंय. मी म्हटलं, "मेरे लिए." आवाज कापला, पण ऐकू गेला. त्यांनी मान हलवली आणि बर्फातली बाटली काढून पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

घरी आले. आई देवापाशी होती. मी गच्चीत जाळीपाशी खाली बसले, बूच काढलं, फुलपात्रात ओतली. एक घोट घेतला आणि थांबले. आधी फक्त कडू लागलं, बराच वेळ. मग हळूहळू मागून काहीतरी यायला लागलं. कुणाला सांगायचं म्हणून मी सवयीनं मान वर केली तर समोर रिकामा मोडा होता… तेवढ्यात आई आली. ती अशा वेळी गच्चीत कधी येत नसे, इतक्या वर्षांत एकदाही आली नव्हती. भिंतीला धरत धरत आली आणि त्या मोड्यावर बसली. तिची नजर आता अधू झाली आहे, फुलपात्र दिसलं की नाही कोण जाणे, वास मात्र आला असणार. मी उठायला लागले तर तिनं खांद्यावर हात ठेवून मला बसवलं.

"कशी लागते गं ती?" आईनं विचारलं.

मी फुलपात्र खाली ठेवलं. ती म्हणाली, "मी त्याला कधी विचारलं नाही. त्याच्या आवडीचं सगळं मी जन्मभर माझ्या हातानं करून वाढलं, एवढं एकच मला माहीत नाही. तू सांग. नीट सांग."

मी आणखी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि आईला सांगायला लागले.